उपाहारगृहात बालकाचे स्थान : एक ऐतिहासिक विचार

अन्नाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः पदार्थाकडे जाते. बटाटा कोठून आला, मिरची केव्हा रुळली, चहाची सवय कशी जडली, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाला आधी वाढावे आणि कोणाला दाराबाहेर थांबवावे, या प्रश्नांचा विचार कमी होतो. वस्तुतः समाजाची घडण ताटांच्या मांडणीवरून फार चांगली कळते. या मांडणीत लहान मुलाची जागा कोणती, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच जात नाही.

प्रस्तुत लेखात त्याच्या एका मर्यादित अंगाचा विचार करावयाचा आहे. प्रतिष्ठित व खर्चिक उपाहारगृहांत लहान मुलांना घेऊन जाण्याची चाल कशी पडली, मुलाला तेथे कोणत्या अटींवर प्रवेश मिळाला आणि त्या अटींचे अवशेष आजच्या व्यवहारात कोठे दिसतात, हे पाहणे हा लेखाचा हेतू होय. विवेचनासाठी पॅरिस, इंग्लंड-अमेरिका आणि मुंबई-पुणे अशी तीन क्षेत्रे घेतली असून, जेथे शक्य तेथे शब्दांची साक्ष काढली आहे.

१. शब्द आणि संस्था

‘रेस्टॉरंट’ हा शब्द मुळात जागेचा वाचक नव्हता. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये अशक्त माणसाला पुन्हा ताकद यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या सत्त्वयुक्त मांसरसाला हे नाव होते. १७६० नंतरच्या दशकात असा रस विकणारी दुकाने निघाली आणि पेयाचे नाव हळूहळू दुकानाला लागले. मराठीने या संस्थेसाठी दोन शब्द वापरले. ‘हॉटेल’ हा शब्द युरोपात मुक्कामाच्या जागेचा. मराठीत तो मुख्यत्वे खाण्याच्या जागेचा झाला. दुसरा शब्द ‘उपाहारगृह’. ‘उपाहार’ म्हणजे मुख्य जेवणाखेरीजचे हलके खाणे. पाट्यांवर पुष्कळदा दिसणारे ‘उपहारगृह’ हे रूप अशुद्ध होय, कारण ‘उपहार’ म्हणजे भेट किंवा नजराणा. मराठी शब्दाने या जागेला मुख्य भोजनाचा मान दिला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जेवण घरचे, आणि बाहेर होते ते उपखाणे, असा भेद त्या शब्दातच राहून गेला आहे.

पॅरिसच्या या नव्या संस्थेचे जुन्या भोजनव्यवस्थेहून वेगळेपण कशात होते? जुन्या खाणावळीत ठरलेल्या वेळी एका लांब मेजाभोवती सर्वांनी बसावयाचे व समोर येईल ते खावयाचे, अशी रीत होती. रेस्टॉरंटात प्रत्येकाला स्वतंत्र मेज मिळाले, वेळ त्याच्या सोयीची झाली, आणि छापील पत्रिकेतून हवा तो पदार्थ नमूद किंमतीस मागविण्याची मुभा आली. म्हणजे या संस्थेने आपला जो आदर्श ग्राहक कल्पिला, त्याच्या अंगी तीन गोष्टी गृहीत धरल्या. त्याला वाचता आले पाहिजे, निवडता आले पाहिजे आणि मोल देता आले पाहिजे.

लहान मुलाला या तिन्हींपैकी एकही गोष्ट स्वतंत्रपणे साधत नाही. उपाहारगृहातील बालकाविषयीचा वाद पुष्कळदा त्याच्या रडण्याचा, धावण्याचा किंवा सांडलवंडीचा म्हणून मांडला जातो. ही कारणे खरी असली तरी वरवरची आहेत. त्यांच्या मुळाशी या संस्थेच्या रचनेतीलच एक अडचण आहे. जेथे निवड हाच व्यवहाराचा गाभा, तेथे ज्याच्यासाठी दुसऱ्याने निवडावयाचे असते त्याची गणना कशी करावयाची, हे या संस्थेला दीर्घकाळ ठरविता आले नाही.

२. पंगतीतील मूल

पंगतीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. तेथे पान मांडले की वाढप सुरू होते. निवड करावयाची नसते, आणि मोलही जागेवर मोजावयाचे नसते. महाराष्ट्रात लग्नकार्यात व उत्सवात मुलांची पंगत आधी उठवावयाची असा प्रघात आहे. त्यात मुलांच्या भुकेची काळजी आहे, तशीच मोठ्यांच्या पंक्तीत व्यत्यय येऊ नये ही दृष्टीही आहे. तथापि मुलाला आधी वाढणे आणि मुलाला वगळणे यांत मोठे अंतर आहे.

धर्मशास्त्रानेही या प्रश्नाला उत्तर दिलेले होते. गौतमधर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मुलाच्या वागण्यावर, बोलण्यावर व खाण्यावर प्रौढांचे निर्बंध लागू होत नाहीत. मुंजीतील मातृभोजन हा विधी या मोकळिकीची अखेर दर्शवितो. बटू आईच्या ताटात शेवटचे जेवतो. त्यानंतर त्याचे पान वेगळे होते व आचाराचे नियम त्याला लागू होतात. म्हणजे बालक हा नियम मोडणारा नव्हे, तर नियम ज्याला अद्याप लागू झालेले नाहीत असा, अशी ही कल्पना होती.

परंतु या उदारतेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही सवलत द्विजांच्या मुलांपुरती होती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना बालवयाचा लाभ मिळत नसे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांना व त्यांच्यासोबतच्या मुलांना प्रवासात जातीमुळे पिण्यास पाणी मिळू शकले नाही, ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. अन्नपाण्याच्या बाबतीत मूल हे आधी जातीचे व मग मूल, हा क्रम या प्रसंगात उघड होतो.

३. पाळणाघर आणि ‘ऑर्डिनरी’

इंग्लंडातील सुखवस्तू कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात निराळा मार्ग काढला. घरातच मुलांचा वेगळा विभाग असे, आणि मुले दाईच्या देखरेखीखाली तेथेच जेवत. त्यांचे अन्न साधे, मऊ व बेचव असे. मोठ्यांचे जेवण आटोपत आले की स्वच्छ कपडे घालून त्यांना थोडा वेळ खाली आणण्यात येई. घरातील मेजावरच ज्यांना जागा नव्हती, त्यांना बाहेरच्या मेजावर ती मिळण्याचा प्रश्न नव्हता. हीच रीत आगबोटींतून हिंदुस्थानात आली. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर मुलांच्या जेवणाची वेळ मोठ्यांच्या आधीची व निराळी असे.

अमेरिकेत चित्र वेगळे होते. तेथील मोठ्या हॉटेलांत कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने राहत, आणि खोलीच्या भाड्यातच जेवणाचा आकार धरलेला असे. अशा हॉटेलांत पुरुषांच्या भोजनगृहाखेरीज स्त्रियांसाठी ‘लेडीज ऑर्डिनरी’ नावाचे स्वतंत्र दालन असे. तेथे स्त्रियांसह त्यांचे कुटुंबीय जेवत. काही ठिकाणी मुले व दाया यांच्यासाठी तिसरे दालनही असे. मूल मोठ्यांच्या सार्वजनिक मेजावर बसल्यास पूर्ण आकार पडेल, अशी सूचना हॉटेलांच्या भोजनपत्रिकांवर छापलेली आढळते. या सूचनेचा अर्थ सूक्ष्म आहे. मुलाला मेजावर बसण्याची बंदी नव्हती. पण बसल्यास तो हिशेबापुरता प्रौढ ठरत असे. खुर्ची अडविली की माणूस पूर्ण, हा व्यापाऱ्याचा न्याय होय.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांनी १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या उत्तर अमेरिकेवरील प्रवासग्रंथात या मुलांचे वर्णन केले आहे. चार वर्षांचे मूल हॉटेलातील सेवकाला गोमांस, बटाटे, लोणी लावलेला पाव, मक्याचा केक व कॉफी अशी यादी बोबड्या बोलांत सांगते आणि वर लोणचे विसरू नका म्हणून आईला बजावते, हे पाहून त्यांना अचंबा व चीड दोन्ही वाटली. त्यांना मुलाच्या आहारापेक्षाही त्याचा अधिकार खटकला असावा. ते मूल निवड करीत होते. रेस्टॉरंटच्या आदर्श ग्राहकाचे काम ते चार वर्षांचे पोर, वाचता येत नसतानाही, पार पाडीत होते.

४. मुलांची भोजनपत्रिका

बालकाला ग्राहक म्हणून मान्यता देणारे कागदपत्र म्हणजे मुलांची स्वतंत्र भोजनपत्रिका. तिच्या जन्मामागे दोन प्रवाह एकत्र आले.

पहिला प्रवाह वैद्यकाचा. न्यू यॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मुलांचे संगोपन व आहार यांवर प्रश्नोत्तररूपाने एक पुस्तिका लिहिली. पुढील काही दशके सुशिक्षित अमेरिकन मातांना ती प्रमाणभूत वाटत असे. होल्ट यांच्या निषिद्ध पदार्थांच्या यादीत डुकराचे मांस, ताजा गरम पाव, मिठाया, पेस्ट्री, चहा व कॉफी यांचा समावेश होता. मुलाचे पोट नाजूक असते, म्हणून त्याचे अन्न सौम्य व वेगळे असावे, असा या शिकवणुकीचा मथितार्थ होता.

दुसरा प्रवाह अर्थकारणाचा. अमेरिकेत जानेवारी १९२० पासून देशव्यापी दारूबंदी अंमलात आली. भारी उपाहारगृहांचा नफा मद्यविक्रीवर बराच अवलंबून असे. तो बुडताच अनेक नामांकित जागा अडचणीत आल्या. न्यू यॉर्कचे सुप्रसिद्ध ‘डेल्मॉनिकोज’ १९२३ साली बंद पडले. ज्या ग्राहकांकडे पूर्वी दुर्लक्ष केले होते त्यांच्याकडे आता मालकांचे लक्ष गेले. १९२१ साली त्याच शहरातील ‘वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया’ या अत्यंत प्रतिष्ठित हॉटेलाने मुलांसाठी वेगळी पत्रिका काढली. मोकळ्या भातावर कोंबडीचे बारीक तुकडे, लोण्यातील हिरव्या भाज्या, शेवटी आलुबुखाऱ्याचा फेसाळ गोड पदार्थ, असे त्यातील अन्न होते. होल्ट यांच्या शिकवणुकीची छाया त्यावर स्पष्ट दिसते.

दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली, परंतु मुलांची पत्रिका राहिली. मद्याचा खप परत आल्यावर मुलांची गरज संपली असती तर तीही लोपली असती. पण तोवर मूल येते तेव्हा त्याच्यासवे आईबापही येतात, हे व्यापाराने ओळखले होते. १९७९ साली ‘मॅकडॉनल्ड्स’ने अमेरिकेत खेळण्यासह मिळणारे ‘हॅपी मील’ सर्वत्र सुरू केले तेव्हा हा विचार पूर्णतेस गेला. मात्र मधल्या काळात पत्रिकेतील आरोग्यविचार मागे पडून तिच्यात तळलेल्या व गोड पदार्थांचा भरणा झाला. मुलाला वेगळे अन्न द्यावे, हे तत्त्व उरले. ते का द्यावे, याचे कारण विसरले गेले.

या पत्रिकेने मुलाला मान दिला आणि त्याच वेळी त्याला वेगळेही काढले. मेज एक, पण अन्नाचे जग दोन, अशी ही व्यवस्था होय. भाषावैज्ञानिक एलिनॉर ऑक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकन व इटालियन कुटुंबांच्या मेजावरील संभाषणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन घरांत अन्न हे मुख्यतः पोषण म्हणून, आणि गोड पदार्थ हे ताट संपविल्याचे बक्षीस म्हणून बोलले जाते. इटालियन घरांत अन्नाच्या आनंदाला अग्रक्रम मिळतो व मुलाच्या आवडीनिवडीची नोंद एका व्यक्तीची आवड म्हणून घेतली जाते, असे त्यांना आढळले. चव ही जिभेची असली तरी ती बोलण्यातून घडते, हा या अभ्यासाचा निष्कर्ष प्रस्तुत विषयाला थेट लागू पडतो. मेजावर मूल पदार्थांची नावे शिकते. मागणे, नाकारणे, आभार मानणे व वाट पाहणे यांची भाषाही तेथेच शिकते. जे मूल मेजाजवळ येतच नाही, त्याला ही भाषा कोठे शिकावी?

५. मुंबई-पुणे : ‘फॅमिली’ची खोली

महाराष्ट्रात बाहेर खाणे हा आरंभी चवीपेक्षा आचाराचा प्रश्न होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा आला, त्यावरून ग्रामण्य माजले आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. जेथे प्रौढ विद्वानांच्या एका पेल्यावरून एवढा गदारोळ होई, तेथे स्त्रियांना व मुलांना घेऊन सार्वजनिक जागी खावयास जाणे ही बाब मध्यमवर्गीय घरांत सहजासहजी रुळणे शक्य नव्हते.

तरीही मुंबई बदलत होती. एका टोकाला १९०३ साली उघडलेले ताजमहाल हॉटेल होते. दुसऱ्या टोकाला गिरणगाव-गिरगावच्या खाणावळी. या दोहोंच्या मधली जागा इराण्यांनी व्यापली. ‘कयानी’ (१९०४), ‘ब्रिटानिया’ (१९२३) यांसारखी दुकाने या परंपरेतील. पुढे १९१० साली दादरला सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह, आणि माटुंग्यात १९४२ सालापासून चालत आलेले रामा नायक यांचे उडुपी भोजनगृह, अशा स्थळांनी शाकाहारी कुटुंबांची बाहेर खाण्याबद्दलची भीड मोडली.

इराण्यांच्या अनेक दुकानांत पुढील दालनात संगमरवरी मेजे व वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या असत, आणि मागे किंवा माळ्यावर आडोसा केलेली ‘फॅमिली रूम’ असे. मराठी मालकांच्या पाट्यांवर हीच गोष्ट ‘कुटुंबासाठी स्वतंत्र सोय’ अशा शब्दांत येई. येथे भाषेची साक्ष मोलाची ठरते. मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाला परिवार या अर्थाखेरीज पत्नी असाही अर्थ आहे. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणणारा गृहस्थ एकट्या पत्नीविषयी बोलत असतो. इंग्रजीतून आलेल्या ‘फॅमिली’ शब्दानेही मराठीत हाच अर्थ उचलला. तेव्हा ‘फॅमिली रूम’ ही प्रथम स्त्रीसाठी पुरुषी नजरेपासून केलेली सोय होती. मूल तेथे आले ते आईचा पदर धरून. अमेरिकेतील ‘लेडीज ऑर्डिनरी’ आणि मुंबईची ‘फॅमिली रूम’ यांत देश, धर्म व खाद्य यांचा एवढा फरक असूनही मुलाचे स्थान दोन्हीकडे एकच, म्हणजे स्त्रीच्या स्थानाचे उपांग असे होते. म्हणूनच ज्या जागेने स्त्रीला दुय्यम मानले, तिने मुलालाही दुय्यम मानले. आणि स्त्री पुढील दालनात आली तेव्हा मूलही पुढे आले. पुढे ‘परमिट रूम’ निघाल्यावर पाट्यांवर ती व ‘फॅमिली’ची जागा अशी जोडी दिसू लागली; मद्य एकीकडे व मुले दुसरीकडे, अशी नवी विभागणी झाली.

६. मेजाच्या दुसऱ्या बाजूचे मूल

येथवरचा इतिहास मेजाशी बसलेल्या मुलाचा झाला. परंतु मराठीत हॉटेल आणि मूल हे दोन शब्द प्रथम ज्या शब्दाने एकत्र आले, तो ‘पोऱ्या’ होय. ‘पोर’पासून सिद्ध झालेला हा शब्द हॉटेलच्या संदर्भात कपबश्या विसळणाऱ्या, फडके मारणाऱ्या व चहा पोचविणाऱ्या मुलाचा वाचक झाला. त्याचेच इंग्रजी भावंड ‘बॉय’. तो शब्द तर पन्नाशीच्या माणसालाही लावला जाई. ‘बारक्या’, ‘छोटू’ ही हाकही त्याच कुळातील. नाव न विचारता वयावरून हाक मारण्याची ही रीत आहे. उपाहारगृहात मूल पुष्कळ आधीपासून होते. ते खुर्चीवर नव्हते, एवढेच.

या मुलाच्या बाबतीत कायद्याने फार सावकाश पावले टाकली. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने काही धोक्याच्या व्यवसायांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली. परंतु उपाहारगृहे, ढाबे व चहाची दुकाने यांचा त्या यादीत समावेश ऑक्टोबर २००६ पासून झाला. २०१६ च्या दुरुस्तीने, कौटुंबिक उद्योगासारखे मोजके अपवाद सोडता, ही मनाई सर्वच व्यवसायांना लागू झाली. एकाच दालनात एक मूल आइस्क्रीमसाठी हट्ट धरीत आहे आणि त्याच वयाचे दुसरे मूल त्याची बशी उचलीत आहे, हे दृश्य अनेक दशके कोणालाही विसंगत वाटले नाही. उपाहारगृहात मुलांमुळे होणाऱ्या उपद्रवाची चर्चा करताना हा दुसरा मुलगा विसरता कामा नये. त्याचा उपद्रव कोणालाही झाला नाही, कारण त्याला मूल म्हणून कोणी मोजलेच नव्हते.

७. उपसंहार

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची स्थाने येथे प्रवेश नाकारता येणार नाही, असे सांगितले. उपाहारगृहाचा राज्यघटनेत नामनिर्देश व्हावा, यावरून पंगतीचा प्रश्न या देशात किती खोल होता हे कळते. या कारणांच्या यादीत वयाचा उल्लेख नाही. दक्षिण कोरियात जेजू बेटावरील एका इटालियन उपाहारगृहाने तेरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारला, तेव्हा तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ साली तो भेदभाव ठरविला. काही मुलांच्या वर्तनावरून सर्व मुलांना वगळणे योग्य नाही, असा आयोगाचा अभिप्राय होता. मात्र आयोगाचे मत शिफारशीच्या स्वरूपाचे असल्याने मुलांना मज्जाव करणाऱ्या जागा त्या देशात त्यामुळे नाहीशा झाल्या नाहीत.

शांतपणे जेवू इच्छिणाऱ्या प्रौढाची अपेक्षा गैर आहे, असे या इतिहासावरून सिद्ध होत नाही. ज्याने एका संध्याकाळीसाठी महिनाभर पैसे बाजूला टाकले, त्याचा त्या संध्याकाळीवर काही हक्क असतोच. आणि मूल कंटाळले असता त्याला उठवून बाहेर नेणे हे पालकाचे कर्तव्यही आहे. मुलांची पंगत आधी उठविणाऱ्या समाजाला हा विवेक ठाऊक होता. परंतु वर पाहिलेल्या प्रत्येक व्यवस्थेत मुलाची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीने ठरत गेली. इंग्लंडात ती दाईच्या, अमेरिकेत आधी हिशेबनिसाच्या व मग मद्याची तूट भरून काढणाऱ्या मालकाच्या, मुंबईत आईच्या आडोशाच्या सोयीने ठरली. बालक हे स्वतःच्या नात्याने मेजाशी आले, असा प्रसंग विरळाच.

वाचणे, निवडणे व मोल देणे या तीन गोष्टींपैकी शेवटची मुलाला पुष्कळ वर्षे येणार नाही. पहिल्या दोन मात्र तेथे बसूनच येतात. वाढप्याकडे पाहून आपल्याला काय हवे ते मूल स्वतःच्या तोंडाने प्रथम सांगते, तेव्हा घराबाहेरच्या समाजाशी त्याचा भाषेचा व्यवहार सुरू होतो. त्या वेळी आईने मधेच उत्तर न देता क्षणभर थांबावे, आणि वाढप्यानेही मान तुकवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढी जागा मेजाशी असली की बालकाचे पान मांडले गेले असे म्हणता येईल. ज्या मुलाला याच दालनात केवळ ‘पोऱ्या’ अशी हाक ऐकावी लागली, त्याच्यासाठी ते पान कधीच मांडले गेले नाही, याची नोंद मात्र या इतिहासात कायम राहील.